लाइपझिगच्या कापडगल्लीत

बँकेच्या परकीय चलन विभागात मी काही वर्षे काढली. युरो चलनात येण्यापूर्वीचा तो काळ. आमच्या शाखेत हिरे आणि रत्नांच्या व्यापारातील अनेक जैन बांधवांची खाती होती. अँटवर्प, इडार-ओबरश्टाइन अशा गावी त्यांची नेहमी ये-जा असे, आणि परतल्यावर उरलेले चलन ते आमच्या काउंटरवर आणून देत. त्यांत शंभर जर्मन मार्कांची निळी नोट हमखास असायची. नोट उजेडासमोर धरून जलचिन्ह पाहणे हा आमचा रोजचा परिपाठ. त्या जलचिन्हात एका तरुण स्त्रीचा शांत चेहरा उमटे, आणि नोटेच्या मागील बाजूस एक भव्य पियानो छापलेला असे. तो चेहरा मी किती वेळा पाहिला असेन याची गणती नाही. ती कोण, हे मात्र कधी कुणाला विचारले नाही. नोट खरी आहे एवढी खात्री पटली की आमचे काम संपे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी, मुलीच्या नोकरीच्या निमित्ताने, आम्हा उभयतांचा जर्मनीतील लाइपझिग या शहरात महिनाभर मुक्काम झाला. जून महिना होता. तिकडे त्या दिवसांत सूर्यास्त रात्री साडेनऊच्या सुमारास होतो. त्यामुळे दिवसभर भटकूनही सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचा नियम बिनघोर पाळता येई. घरून नेलेले खाकरे आणि मुलीच्या स्वयंपाकघरातील मुगाची खिचडी यांवर आमचे उत्तम चालले होते. याच मुक्कामात त्या नोटेवरील स्त्रीची आणि माझी खरी ओळख झाली. तिचे नाव क्लारा शूमान. माहेरचे आडनाव वीक. तिचा जन्म याच लाइपझिगमध्ये १३ सप्टेंबर १८१९ रोजी झाला. नोटेवर तिच्या चेहऱ्यामागे ज्या जुन्या इमारती दिसत, त्या याच शहरातील.

लाइपझिग हे मुळात आपल्यासारख्या व्यापाऱ्यांचे गाव. दोन मोठे व्यापारी मार्ग येथे एकमेकांना छेदत. सम्राट मॅक्सिमिलियन पहिला याने १४९७ आणि १५०७ साली या शहराच्या जत्रांना विशेष सनदा दिल्या. आसपासच्या टापूत दुसरी जत्रा भरवायची नाही आणि त्या भागातून जाणारा माल आधी लाइपझिगच्या वखारीत उतरवून विक्रीस ठेवायचा, असा तो हक्क होता. वर्षातून तीन वेळा भरणाऱ्या या जत्रांनी शहराला पैसा दिला, आणि त्या पैशाने पुढे विद्या आणि कला यांना आश्रय दिला. ग्रंथ छापणारे मोठमोठे प्रकाशक येथे नांदले. हर्मान याकोबी या जर्मन पंडिताने संपादिलेले भद्रबाहूंचे कल्पसूत्र १८७९ साली याच लाइपझिगमध्ये प्रसिद्ध झाले. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा नसून स्वतंत्र आणि प्राचीन परंपरा आहे, हे याकोबींनी त्याच्या प्रस्तावनेत सप्रमाण मांडले, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेलच.

शहराच्या जुन्या भागात एक अरुंद गल्ली आहे. तिचे नाव गेवांडगेस्शेन, म्हणजे अक्षरशः कापडगल्ली. या गल्लीलगत कापड व्यापाऱ्यांची मोठी इमारत होती. तिला गेवांडहाउस म्हणत, म्हणजे कापडघर. १७४३ साली शहरातील व्यापारी आणि प्रतिष्ठित नागरिक यांनी वर्गणी काढून सोळा वादकांचा एक संच उभा केला. राजदरबाराच्या आश्रयावर न विसंबता नागरिकांनी स्वतःच्या पैशाने चालवलेला हा वाद्यवृंद. सुरुवातीला त्यांच्या मैफली खासगी घरात आणि नंतर एका खाणावळीत होत. १७८१ साली कापडघराच्या वरच्या मजल्यावर खास संगीतगृह बांधण्यात आले आणि वाद्यवृंदाला त्या इमारतीचेच नाव कायमचे चिकटले. त्या सभागृहात श्रोत्यांच्या रांगा समोरासमोर असत. तेथे सेनेका या रोमन तत्त्ववेत्त्याचे एक वचन लिहिलेले होते. खरा आनंद ही गंभीरपणे घेण्याची गोष्ट आहे, असा त्याचा आशय. कापडाच्या व्यापाऱ्यांनी आपल्या इमारतीत असे वचन मिरवावे, याचे मला मोठे अप्रूप वाटले. आज त्या जागी दुसरी इमारत उभी आहे. वाद्यवृंदाचे तिसरे घर १९८१ पासून आउगुस्टस चौकात आहे, आणि तेथील भव्य ऑर्गनवर तेच वचन आजही वाचायला मिळते.

कापडगल्लीत उभे राहून मी ९ नोव्हेंबर १८३५ या दिवसाची कल्पना करू लागलो. त्या संध्याकाळी कापडघराच्या वरच्या मजल्यावर सोळा वर्षांची क्लारा वीक पियानोपाशी बसली. वाद्यवृंदाचे संचालन फेलिक्स मेंडेल्सन करीत होते. त्या पदावर येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता. जी रचना वाजवायची होती ती क्लाराची स्वतःची होती: ए मायनर या स्वरातील पियानो कॉन्चेर्टो.

कॉन्चेर्टो म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. एक प्रमुख वादक आणि त्याच्यासमोर संपूर्ण वाद्यवृंद; दोघांत कधी संवाद, कधी साथ, तर कधी चुरस. वादकाच्या बोटांचे कौशल्य आणि रचनाकाराची बुद्धी या दोहोंचा येथे कस लागतो. क्लाराने या रचनेला हात घातला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. आज जो तिसरा भाग आहे तो तिने आधी स्वतंत्र रचना म्हणून लिहिला. त्याच्या वाद्ययोजनेत तिच्या वडिलांचे शिष्य रॉबर्ट शूमान यांनी हातभार लावला. पुढे तिने आणखी दोन भाग रचले आणि त्यांची वाद्ययोजना स्वतःच केली.

नॉयमार्क्ट या रस्त्यालगतच्या एका बाकावर बसून, कानाला हेडफोन लावून, मी ही रचना प्रथमच ऐकली. इसाता कॅने-मेसन या ब्रिटिश पियानोवादिकेचे ते २०१९ सालचे ध्वनिमुद्रण होते. अवघी वीस-बावीस मिनिटे. मी पाश्चात्य संगीताचा जाणकार नाही. आपल्याकडच्या नाट्यसंगीतावर आणि भजनांवर माझा कान घडला आहे. तरीही मधल्या भागाशी मी थबकलो. पहिला भाग वाद्यवृंदाच्या दमदार चालीने सुरू होतो, पण तो नेहमीसारखा संपत नाही. एका छोट्या वळणावरून तो थेट दुसऱ्या भागात उतरतो. तेथे सगळा वाद्यवृंद गप्प होतो. पियानो एकटाच गाऊ लागतो. काही वेळाने एकच चेलो त्याच्या सोबतीला येतो, जणू घरातील सगळी मंडळी निजल्यावर दोन माणसे हलक्या आवाजात बोलत बसली आहेत. शेवटी दुरून टिंपनीचा मंद घुमार ऐकू येतो, ट्रम्पेट वाजतात आणि पोलोनेझ या पोलिश नृत्याच्या लयीत तिसरा भाग सुरू होतो. तिन्ही भाग न थांबता एकमेकांना जोडण्याची ही कल्पना त्या काळात धाडसाचीच होती. पुढे योहानेस ब्राम्स यांनी आपल्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोच्या संथ भागात चेलोला असेच मानाचे स्थान दिले. पण ती रचना १८८१ सालची, क्लाराच्या कॉन्चेर्टोनंतर सेहेचाळीस वर्षांनी आलेली.

मग ही रचना विस्मृतीत का गेली? या प्रश्नाचा मागोवा घेताना मला जे सापडले, त्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

१८३७ साली ही रचना ओपस ७ म्हणून छापली गेली. रॉबर्ट शूमान तेव्हा लाइपझिगमधूनच संगीताचे एक नियतकालिक चालवीत असत. त्यात या कॉन्चेर्टोचे परीक्षण आले, पण ते रॉबर्ट यांनी स्वतः लिहिले नाही, दुसऱ्याकडे सोपवले. परीक्षण लहान होते. त्याचा मथितार्थ असा, की ही एका स्त्रीची रचना असल्यामुळे तिची गंभीर चिकित्सा करण्याचा प्रश्नच येत नाही. वाचकहो, यात निंदा कोठेच नाही. उलट एक प्रकारचे सौजन्यच आहे. परंतु ज्या शहराने आनंदाला गंभीरपणे घ्यावे असे सभागृहात लिहून ठेवले होते, त्याच शहरात एका मुलीचे काम गंभीरपणे घेण्यास सौजन्यपूर्वक नकार मिळाला. वादनासाठी टाळ्या पडत होत्या, युरोपभर तिची कीर्ती पसरत होती. कौतुक भरपूर होते, दखल नव्हती.

त्यातच घरचे रामायण सुरू झाले. वडील फ्रीड्रिख वीक हे पियानोचे नामांकित शिक्षक आणि व्यापारीही. पियानो विकणे आणि भाड्याने देणे हा त्यांचा धंदा. आईवडील विभक्त झाल्यावर, त्या काळच्या कायद्याप्रमाणे, पाच वर्षांची क्लारा वडिलांकडे आली. तिला घडवले वडिलांनीच, यात शंका नाही. तिची रोजनिशीदेखील सुरुवातीची कित्येक वर्षे तिच्या नावाने तेच लिहीत. रॉबर्टशी विवाह करण्यास मात्र त्यांनी कडवा विरोध केला. प्रकरण न्यायालयात गेले. मैफलींतून तिने मिळवलेल्या पैशाचाही वाद त्यात होता. ज्या मुलीच्या बोटांवर ती कमाई उभी होती, तिलाच त्या पैशासाठी झगडावे लागले. अखेर न्यायालयाने अनुमती दिली आणि १२ सप्टेंबर १८४० रोजी, तिच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, लाइपझिगलगतच्या शोनेफेल्ड गावातील चर्चमध्ये विवाह झाला.

विवाहाच्या आदल्या वर्षी, विशीत असताना, तिने रोजनिशीत एक नोंद केली. आपल्या अंगी रचनेची प्रतिभा आहे असे आपल्याला एके काळी वाटत असे, पण आता तो विचार आपण सोडला आहे. स्त्रीने रचना करण्याची इच्छा धरू नये, आजवर कोणाला ते जमले नाही, मग आपल्यालाच का जमावे, असा त्या नोंदीचा भावार्थ. तेराव्या वर्षी कॉन्चेर्टो लिहायला बसलेली मुलगी सात वर्षांत या निष्कर्षाला पोहोचली होती.

नवदांपत्याने जेथे बिऱ्हाड थाटले ते इन्सेलश्ट्रासे १८ येथील घर आज संग्रहालय आहे. इमारतीच्या एका भागात क्लाराच्या नावाने लहान मुलांची शाळा भरते. आम्ही गेलो तेव्हा अंगणात मुलांचा कलकलाट चालला होता, आणि तो ऐकून सौभाग्यवतींना फार बरे वाटले. पहिल्या मजल्यावरील त्या खोल्यांत रॉबर्ट यांनी आपली पहिली सिंफनी लिहिली. पतिपत्नी मिळून एक सामायिक रोजनिशी लिहीत. तिच्यात क्लाराची एक व्यथा पुन्हापुन्हा येते: रॉबर्ट रचना करीत असताना तिला पियानोचा सराव करता येत नसे, कारण आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचे. दोघांचे प्रेम अकृत्रिम होते. रॉबर्ट तिला रचना करण्यास उत्तेजनही देत, आणि तिने पुढे उत्तम गीते लिहिली, १८४६ साली पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्यासाठी एक सुंदर त्रयीही रचली. परंतु घर एक, शांतता एक, आणि ती कोणाच्या वाट्याला जायची हे न बोलताच ठरलेले. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाला हे समजेल.

पुढची कहाणी करुण आहे. त्यांना आठ अपत्ये झाली. फेब्रुवारी १८५४ मध्ये मनोविकाराने ग्रासलेल्या रॉबर्ट यांनी ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्यांना वाचवण्यात आले, पण त्यानंतर ते बॉनजवळच्या एंडेनिख येथील रुग्णालयातच राहिले. क्लारा तेव्हा गरोदर होती. दोन वर्षांहून अधिक काळ तिला पतीची भेट घेऊ दिली गेली नाही. भेट झाली ती २९ जुलै १८५६ रोजी त्यांचे निधन होण्याच्या अवघे दोन दिवस आधी. त्यानंतर तिने मैफलींच्या उत्पन्नावर कुटुंब सांभाळले. आपल्या मैफलींचे कार्यक्रमपत्रक ती जपून ठेवी. अशी सुमारे तेराशे पत्रके त्स्विकाऊ या गावी जतन केलेली आहेत. एखाद्या पेढीची जुनी कीर्द पाहावी तशी ही शिस्त आहे. १८७८ पासून तिने फ्रांकफुर्ट येथील होख संगीतविद्यालयात अध्यापन केले. नोटेच्या मागील बाजूस पियानोसोबत दिसते ती याच विद्यालयाची इमारत.

रॉबर्ट यांचाही एकमेव पियानो कॉन्चेर्टो ए मायनरमध्येच आहे. त्याचे पहिले वादन १८४५ साली क्लारानेच केले, आणि पुढे आयुष्यभर ती तो वाजवीत राहिली. आज जगातील अत्यंत लोकप्रिय कॉन्चेर्टोंमध्ये त्याची गणना होते. पतीच्या समग्र रचनांचे संपादनही तिनेच केले. स्वतःचा कॉन्चेर्टो मात्र तिने बाजूला ठेवला, आणि तिने ठेवला म्हणून जगानेही ठेवला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही वादकांनी तो पुन्हा उघडला, तोवर शतकाहून अधिक काळ लोटला होता.

परतीच्या आधी आम्ही रेल्वेने बॉनला गेलो. क्लाराचे निधन २० मे १८९६ रोजी फ्रांकफुर्टला झाले आणि बॉनच्या जुन्या दफनभूमीत पतीशेजारी तिला चिरविश्रांती मिळाली. कल्पसूत्राचे संपादक याकोबी त्या वेळी बॉनच्याच विद्यापीठात प्राध्यापक होते. दफनभूमीतील स्मारक १८८० सालचे, म्हणजे तिच्या हयातीतलेच. वर रॉबर्ट यांची मुखाकृती आहे, आणि पायथ्याशी संगीतदेवतेच्या रूपात एक स्त्री बसून त्यांच्याकडे पाहते आहे. त्या देवतेला चेहरा दिला आहे तो क्लाराचा. मी बराच वेळ तेथे उभा होतो. आणि खरे सांगायचे तर, मला त्या वेळी क्लाराची नव्हे, माझ्या आईची आठवण येत होती.

आमचे वडिलोपार्जित कापडाचे दुकान होते. वडील रोजमेळ स्वतः लिहीत. दिवसाचा हिशोब पैशापर्यंत जुळल्याशिवाय ते गादीवरून उठत नसत. त्यांच्या वह्या आजही लाल बासनात बांधून आमच्या माळ्यावर आहेत. आई स्तवने रचायची. पर्युषणात महिला मंडळासाठी दर वर्षी एखादे नवे. चालही तीच लावायची, आणि हार्मोनियमवर बसवून इतर स्त्रियांना शिकवायची. वडिलांनी तिला कधी अडवले नाही. पाहुण्यांसमोर ते तिच्या आवाजाची आवर्जून स्तुती करीत. पण ती स्तवने कोणी लिहून ठेवली नाहीत. आईनेही नाही, ती म्हणायची, ही काय लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे? तिला जाऊन आता बरीच वर्षे झाली. वडिलांच्या रोजमेळात हार्मोनियमचा भाता दुरुस्त केल्याचा खर्च तारखेसह सापडतो. त्या हार्मोनियमवर जे रचले गेले, त्याची एकही ओळ कोठे सापडत नाही. मीही तिचा मुलगा. वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर पदवीधर, जन्मभर खाती तपासणारा. माझ्याही ते कधी लक्षात आले नाही. वडिलांना दोष देण्याचा मला काही अधिकार नाही.

भारतात परतल्यावर मी थोरल्या बहिणीकडे चार दिवस जाऊन राहिलो. तिला बसवून घेतले, एक कोरी वही उघडली आणि आईची जी काही स्तवने तिला आठवत होती ती उतरवून घेतली. अक्का गाऊ लागली की चाल आधी यायची आणि शब्द मागून. मंडळातील दोन वृद्ध मावशींनाही गाठले. सगळे मिळून पाच स्तवने हाती आली. त्यांतील तीन पूर्ण, दोन अर्धवट. बाकीची गेली. वहीच्या पहिल्या पानावर आईचे संपूर्ण नाव लिहिले. ते लिहिताना माझ्या ध्यानात आले, की दुकानाच्या इतक्या वह्यांत ते नाव मी कधीच पाहिले नव्हते.

बँकेच्या माणसाला शोभेल अशी एक माहिती देऊन थांबतो. क्लाराच्या चेहऱ्याची ती शंभर मार्कांची नोट युरो आल्यावर चलनातून गेली. पण जर्मनीची मध्यवर्ती बँक ती आजही बदलून देते, आणि त्यासाठी कोणतीही अंतिम मुदत नाही. एखाद्याच्या जुन्या पेटीत ती सापडली तर तिचे आजही ५१ युरो आणि १३ सेंट मिळतात. आपल्या घरांतील आज्या, माम्या, आत्या यांच्याकडे जे आहे, त्याला मात्र मुदत आहे. स्तवने असोत, ओव्या असोत, रांगोळीचे नमुने असोत वा हिशोबाच्या तोंडी युक्त्या असोत. येत्या पर्युषणात एक वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे, आणि पहिल्या पानावर त्यांचे नाव लिहावे, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र.